आठ फुटी फोमीनंतर कुठला बोर्ड घ्यायचा

सर्फिंग शिकायला गोव्यात नाहीतर कर्नाटकात मुलकीला तीन-चार ट्रिपा झाल्या, आठ फुटाच्या सॉफ्टटॉपवर, म्हणजे वरून मऊ फोम असलेल्या शिकाऊ बोर्डवर, ज्याला फोमीही म्हणतात, उभं राहता येतंय, फेसाळ पाण्यातून किनाऱ्यापर्यंत येणं जमतंय आणि कधीमधी न फुटलेली लाटही मिळते, की डोक्यात एकच विचार घोळायला लागतो, आता आपला स्वतःचा बोर्ड पाहिजे. आणि घ्यायचाच तर छोटा, टोकदार, व्हिडिओत दिसतो तसा.

मी तेच केलं. माझं वजन ७२ किलो. गोव्यात मोरजीला एकजण परत जाताना बोर्ड विकत होता, ६ फूट २ इंचाचा शॉर्टबोर्ड, स्वस्तात मिळत होता म्हणून घेतला आणि ऑक्टोबर ते मार्च अख्खा सीझन त्याच्यावर काढला. फोमीवर मला सकाळच्या दोन तासात बारा-पंधरा लाटा मिळायच्या, ह्याच्यावर दोन मिळाल्या तरी खूप. लाटाच मिळत नसतील तर माणूस वळायला कशावर शिकणार? पुण्याहून रात्रभर प्रवास करून जायचं आणि दोन लाटा घेऊन परत यायचं, त्या सहा महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून जे आता विकत घ्यायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितोय. पुढचा बोर्ड निवडताना मी एकच गोष्ट बघतो, ह्याच्यावर मला जास्त लाटा मिळतील का. वळणं, स्पीड, स्टाईल सगळं त्याच्या मागून येतं.

आधी स्वतःला तपासा

इन्स्ट्रक्टर मागून ढकलतोय तोपर्यंत बोर्ड घेऊ नका. त्या ढकलण्याने आपल्या पॅडलमधली, म्हणजे बोर्डवर पालथं झोपून हातांनी पाणी मारण्यातली, कमतरता झाकली जाते, लाटेच्या वेगाला आपण स्वतः पोचतो की नाही ते कळतच नाही. एक आख्खी सकाळ कुणाच्याही मदतीशिवाय काढून बघा. फेसातून बाहेर लाईनअपपर्यंत, म्हणजे जिथे लाटेची वाट बघत थांबतात तिथपर्यंत, जाता आलं, लाट स्वतः निवडली, दहा वेळा पॅडल मारलं त्यात निदान पाच वेळा लाटेने उचललं, आणि उभं राहिल्यावर सरळ किनाऱ्याकडे न येता डावीकडे किंवा उजवीकडे लाटेच्या अंगाने थोडं तरी जाता आलं, तर तुम्ही तयार आहात. टर्टल रोल, म्हणजे लाट अंगावर येताना बोर्ड घट्ट धरून उलटं होऊन खालून जाणं, हाही आला पाहिजे, कारण पुढचा बोर्ड डक डाईव्ह करण्याइतका, म्हणजे नाक दाबून बोर्डसकट लाटेखालून बुडी मारण्याइतका, छोटा नसणारे, आणि नसावाच.

ह्यातलं अर्धंच जमत असेल तर अजून एक-दोन ट्रिपा भाड्याचा फोमीच चालवा. पैसे कुठे जात नाहीत.

वजनकाट्यावर उभे रहा

बोर्डावर तीन मापं लिहिलेली असतात, लांबी, रुंदी, जाडी, आणि हल्ली चौथा आकडा असतो तो लिटरचा. म्हणजे बोर्डचं आकारमान. हा आकडा इतका महत्त्वाचा का ते समजून घ्या, शाळेत आर्किमिडीज शिकलो त्यातलंच आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. ५५ लिटरचा बोर्ड अख्खा पाण्याखाली दाबला तर पाणी त्याला साधारण ५५ किलोच्या जोराने वर ढकलतं, त्यातून बोर्डचं स्वतःचं वजन वजा करा. समुद्राचं पाणी खारं असल्यामुळे किंचित जास्तच. म्हणून आपले किलो आणि बोर्डचे लिटर थेट एकमेकांसमोर ठेवता येतात.

शिकाऊ आठ फुटी फोमी ब्रँडप्रमाणे ६५ ते ८५ लिटरच्या आसपास असतात, म्हणजे बहुतेकांच्या वजनाइतके किंवा जास्तच. तो ६ फूट २ इंचाचा शॉर्टबोर्ड होता २८ लिटरचा. माझ्या वजनाचे व्यावसायिक सर्फर साधारण तेवढ्याच लिटरवर खेळतात, पण ते लहानपणापासून रोज पाण्यात आहेत आणि त्यांच्या लाटांना जोर असतो. मी ८० वरून एकदम २८ वर उडी मारली होती, आणि ती कुणालाच झेपणारी नव्हती.

माझा हिशोब असा. फोमीनंतरच्या पहिल्या बोर्डसाठी आपल्या वजनाच्या ७५ ते ८५ टक्के लिटर धरायचे. ५५ किलोच्या मुलीला ४१ ते ४७ लिटर, ७२ किलोला ५४ ते ६१, ९० किलोच्या माणसाला ६८ ते ७६. वर्षातून चार वेळाच समुद्र दिसत असेल, वय चाळीसच्या पुढे असेल, किंवा खांदे लवकर भरून येत असतील तर वरचा आकडा घ्या, त्याहून थोडा जास्त घेतलात तरी काही बिघडत नाही. आठवड्यातून तीनदा तलावात पोहत असाल तर खालचा चालेल. दोन बोर्डांमधे अडकलात आणि ठरत नसेल तर मोठा घ्या, हे मी डोळे मिटून सांगतो.

पण नुसत्या लिटरवर जाऊ नका, इथे बरेच जण फसतात. ५० लिटर साडेसहा फुटी जाडजूड बोर्डमधेही बसवता येतात आणि साडेसात फुटी पातळ बोर्डमधेही, दोन्ही तुम्हाला सारखेच तरंगवतील, पण लांब बोर्ड पॅडल मारताना सरळ घसरत जातो आणि लाट तुम्हाला आधी उचलते. रुंदीने उभं राहिल्यावर स्थिरपणा येतो. जाडी वाढवून लिटर भरलेले असले तर बोर्ड कडेवर टेकवायला जड जातो, बुचासारखा वर उसळतो. म्हणून आधी लांबी, मग रुंदी, मग जाडी ह्या क्रमाने बघा. फोमीपेक्षा सहा इंच ते फूटभर कमी, एवढीच उतरण पुरे.

तुमच्या लाटा कुठल्या

कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातले लोक जे सल्ले देतात ते त्यांच्या लाटांसाठी असतात. आपल्याकडे अश्वे, मांद्रे, मोरजी, हरमल ह्या पट्ट्यात ऑक्टोबर ते मे लाटा छोट्या आणि मऊ असतात, बऱ्याचदा गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आणि त्या वाळूवर फुटतात. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात तेव्हा पाणी काचेसारखं, अकरा-बाराच्या पुढे खारे वारे सुटले की सगळं खडबडीत. भूगोलात पाठ केलेले हे दोन शब्द सर्फिंगला इतके कामाला येतील असं तेव्हा वाटलं नव्हतं. पावसाळ्यात लाटा मोठ्या होतात पण त्या शिकाऊ माणसासाठी नाहीत, जून ते सप्टेंबर गोव्यात लाल बावटे असतात आणि लाईफगार्ड पाण्यात जाऊ देत नाहीत ते बरोबरच आहे.

मुलकीजवळ ससिहितलूला शांभवी आणि नंदिनी नद्या समुद्राला मिळतात, तिथे वाळूचे दांडे तयार होतात त्यामुळे लाटेला जरा आकार येतो, इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धाही तिथे झालीये. तमिळनाडूत कोवलम आणि महाबलीपुरमला आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांतच लाटा चांगल्या असतात, कारण दक्षिणेकडून येणारा उसळा तिथे पोचतो आणि पश्चिम किनाऱ्यासारखी मान्सूनची खवळ नसते. तिकडे जाणाऱ्यांनी पाचेक लिटर कमी घेतले तरी चालेल.

मऊ लाटेला काय लागतं? सपाट बोर्ड. बाजूने बघितलं की बोर्ड केळ्यासारखा वाकलेला दिसतो, त्या वाकाला रॉकर म्हणतात. होडीची नाळ जशी वर उचललेली असते तसं बोर्डचं नाक. उभ्या, पोकळ लाटेत नाक बुडू नये म्हणून जास्त रॉकर लागतो, पण कमरेएवढ्या मऊ लाटेत तोच रॉकर पाणी पुढे ढकलत बसतो आणि तुमचा वेग खातो. बोर्ड जमिनीवर उलटा ठेवा आणि गुडघ्यावर बसून बाजूने बघा, मधला भाग लांबपर्यंत सपाट दिसला पाहिजे, नाक शेवटच्या फूट-दीड फुटातच वाकलेलं असावं.

आकार

७ फूट ते ८ फूट, गोल नाक, २१ ते २२ इंच रुंद, ह्याला मिनी-माल म्हणतात, नाक थोडं निमुळतं असलं की फनबोर्ड. बहुतेकांनी हाच घ्यावा. मी दुसऱ्या वेळी ७ फूट ६ इंच, २१ अन् अर्धा इंच रुंद, ५४ लिटरचा घेतला आणि पहिल्याच सकाळी नऊ लाटा मिळाल्या, त्यातल्या दोन पूर्ण तिरक्या जाता आल्या, त्या सकाळचा आनंद मला शब्दात सांगता येणार नाही. वजन ६० च्या खाली असेल तर ७ फूट किंवा ७ फूट २ इंच बघा.

नऊ फुटी लाँगबोर्ड आपल्या छोट्या लाटांना सगळ्यात योग्य आहे खरं तर, पण तो ने-आण करणं अवघड. किनाऱ्याजवळ राहत असाल किंवा क्लबमधे ठेवायची सोय असेल तर नक्की विचार करा. फिश, म्हणजे मागे माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला छोटा रुंद बोर्ड, हा बोर्ड मिनी-मालच्या नंतरचा. शॉर्टबोर्ड तर आत्ता नकोच.

एक गोष्ट मुलींना आणि कमी उंचीच्या लोकांना कुणी सांगत नाही, रुंदी बघताना बोर्ड काखेत धरून बघा, हात पलीकडच्या कडेपर्यंत पोचतो का. २२ इंची बोर्ड वाऱ्यात अर्धा किलोमीटर वाळूवरून न्यायचा तर हात गळून जातो. नाही पोचला तर डोक्यावर घेऊन जाता येतं, कोकणात आपण सगळं डोक्यावरूनच नेत आलोय, पण मग वजनाला हलका बोर्ड बघा. पॅडल मारतानाही फार रुंद बोर्डवर कोपरं कडेला घासतात.

कडा, ज्यांना रेल म्हणतात, त्या गोलसर आणि मऊ असू देत. शेपूट गोल किंवा चौकोनी, कुठलीही चालेल, ह्या टप्प्यावर त्यात डोकं घालू नका.

सॉफ्टटॉप की हार्डबोर्ड, आणि आत काय आहे

सात फुटी सॉफ्टटॉप हा पूर्णपणे योग्य पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. शनिवार-रविवारी गर्दीच्या किनाऱ्यावर आंघोळीला उतरलेल्या लोकांमधे तुम्ही सर्फ करणार असाल तर मी तोच घ्या म्हणेन, हार्डबोर्डचं नाक आणि फिन, म्हणजे बोर्डच्या बुडाला मागे असलेला पर, कुणा लहान मुलाला लागली तर ते भरून येत नाही.

हार्डबोर्ड मुख्यतः दोन प्रकारचे. एक पीयू, आत पॉलीयुरेथेनचा फोम आणि वर पॉलिस्टर रेझिनमधे काचतंतूचं कापड. दुसरा ईपीएस, आत थर्माकोल आणि वर इपॉक्सी. पीयू थोडा जड आणि लवकर ठोकर खाणारा, पण दुरुस्तीला सोपा. ईपीएस हलका, जास्त तरंगणारा, वरून कडक, टॉर्क किंवा एनएसपीचे साच्यातले बोर्ड ह्या प्रकारात येतात आणि पहिल्या बोर्डसाठी टिकाऊ आहेत. फक्त त्याला भोक पडलं की थर्माकोल पाणी पीत जातो, त्यामुळे डिंग, म्हणजे बोर्डला पडलेली खोक, दिसली की त्याच क्षणी पाण्याबाहेर.

आता हे नीट वाचा. आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री सगळीकडे आहेत, हात चांगला असतो त्यांचा, आणि ते प्रेमाने बोर्ड दुरुस्त करून देतो म्हणतात. त्यांच्याकडचं रेझिन पॉलिस्टर असतं. पीयू बोर्डला ते चालतं. ईपीएस बोर्डवर ते ओतलं तर आतला थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, गणपतीच्या मखराला चुकीचा गोंद लावल्यावर थर्माकोल कसा जळाल्यासारखा आत जातो तसंच. इपॉक्सी मात्र दोन्हीला चालतं. तेव्हा विकत घेतानाच आत काय आहे ते विचारून घ्या. विकणाऱ्यालाच माहीत नसेल तर ओळखायची सोपी खूण नाही, मग इपॉक्सीच वापरायचं असं ठरवून टाका.

आधी चालवा, मग पैसे द्या

श्रीलंकेत वेलिगामाला जाणार असाल, आणि हल्ली आपल्याकडचे खूप लोक जातात, तर खरेदी त्याच्यानंतर करा. नोव्हेंबर ते एप्रिल तिथला सीझन, रुंद वाळूची खाडी, आणि किनाऱ्यावर भाड्याच्या बोर्डांच्या रांगाच्या रांगा. रोज वेगळं माप घ्या, पहिल्या दिवशी ८, मग ७ फूट ६, मग ७, आणि प्रत्येक वेळी किती लाटा मिळाल्या ते मोजून फोनमधे लिहा. मिळालेल्या लाटा एकदम अर्ध्यावर आल्या की समजायचं, त्याच्या आधीचं माप आपलं. गोव्यात आणि मुलकीतही ओळखीच्या इन्स्ट्रक्टरला विचारलं तर मधल्या मापाचा बोर्ड तासभर द्यायला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, आणि त्यांनी तुम्हाला पाण्यात बघितलेलं असतं, त्यांचं मत नक्की घ्या.

सेकंडहँड बोर्ड कसा बघायचा

नवा बोर्ड बाहेरून मागवला तर लांब पार्सलची शिपिंग खूप पडते, त्यामुळे हातात पडेपर्यंतची पूर्ण किंमत विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पहिला हार्डबोर्ड सेकंडहँडच बरा, सीझन संपताना एप्रिल-मेमधे क्लब आणि घरी परतणारे लोक विकतात.

बघायला जाताना दिवसा उजेडी जा आणि वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डवर घासलेलं मेण, खरवडायला सांगा, वॅक्सखाली बरंच लपतं. माठ घेताना कसा बोटाने वाजवून बघतो तसा सगळा डेक, म्हणजे बोर्डची वरची बाजू, वाजवत जा. आवाज सगळीकडे टणक एकसारखा आला पाहिजे, कुठे भद्द वाजलं किंवा अंगठ्याने दाबल्यावर आत गेलं तर तिथे वरचा थर फोमपासून सुटलाय, असा बोर्ड सोडून द्या. उभं राहून पायाच्या जागी पडलेले उथळ खळगे मात्र नेहमीचेच, त्यांना घाबरू नका. पीयू बोर्ड उन्हाने पिवळा पडतो तेही चालतं, पण एखाद्याच ठिकाणी तपकिरी डाग असेल तर पाणी आत गेलेलं आहे.

मग बोर्ड उलटा करून आडवी रेघ शोधा. मध्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुरकुतीसारखी रेघ म्हणजे बोर्ड एकदा वाकलाय, कितीही छान दुरुस्त केलेला असला तरी मोठ्या लाटेत तिथेच तुटायची शक्यता. फिन जिथे बसतात ते खाचे हलवून बघा, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा वरवरच्या असतील तर ठीक, पण फिनसकट खाचा हलत असेल तर नको. शेवटी नुसता उचला, त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डपेक्षा जड लागला तर आत पाणी आहे. दोन-तीन छोट्या दुरुस्त्या असलेला बोर्ड मी आनंदाने घेईन, आणि त्यावरून किंमतही कमी करून घेईन.

फिन सोबत आहेत का आणि कुठल्या पद्धतीच्या आहेत ते बघाच, एफसीएस आणि फ्यूचर्स ह्यांचे खाचे वेगळे, एकाच्या फिन दुसऱ्यात बसत नाहीत, आणि आपल्याकडे सुट्या फिन सहज मिळत नाहीत. तीन फिनची रचना घ्या. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ मधे तीन फिनच्या बोर्डवर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली तेव्हापासून ती सगळीकडे पसरली, कारण ती घसरत नाही आणि वळतेही. लीश, म्हणजे पायाला बोर्ड बांधणारी दोरी, बोर्डच्या लांबीएवढी किंवा किंचित जास्त, आणि ती नवीनच घ्या, जुनी लीश ऐनवेळी तुटली तर बोर्ड आंघोळ करणाऱ्या लोकांमधे जातो आणि तुम्ही आत राहता. वॅक्स ट्रॉपिकल लिहिलेलं, थंड पाण्याचं वॅक्स आपल्या पाण्यात लोण्यासारखं मऊ होतं.

आणायचा कसा, ठेवायचा कुठे

हे खरेदीच्या आधी ठरवा, नंतर नाही. गाडी असेल तर आतून टेपने मोजा, छतावर नेणार असाल तर खाली जाड पॅड, बोर्डचा डेक खाली, फिन काढून ठेवलेल्या, आणि पट्टा दाराच्या आत घेऊन बांधा. स्लीपर बसने जाणार असाल तर ऑफिसला फोन करून डिकी किती रुंद आहे ते विचारा, काही घेतात, काही सरळ नाही म्हणतात, निघायच्या रात्री स्टँडवर हुज्जत नको. जाड कव्हर लागतंच.

आणि ऊन. बंद गाडीत बोर्ड ठेवून कोल्हापूरला तासभर जेवायला थांबलात तर उन्हाळ्यात आतला फोम आणि वरचा थर तापून एकमेकांपासून सुटू शकतात, फुगे येतात, ते परत बसत नाहीत. सावली शोधा, काचा थोड्या उघड्या ठेवा, बोर्डवर पांढरी चादर टाका. घरी पलंगाखाली किंवा कपाटामागे आडवा, खिडकीजवळ नाही. मे महिन्यात वॅक्स वितळून सगळीकडे लागतं, म्हणून सीझन संपला की जुन्या एटीएम कार्डने खरवडून, उरलेलं खोबरेल तेलाने पुसून, मग साबणाच्या पाण्याने धुवून ठेवा, तेल राहिलं तर पुढचं वॅक्स चिकटत नाही. रोज किनाऱ्यावर नसाल तर बोर्ड क्लबमधेच महिन्याच्या भाड्याने ठेवायचा का हेही विचारून बघा, मी आता तेच करतो आणि रात्रीची बस हलक्या सॅकने पकडतो.

पहिली दहा सेशन

पहिल्या दोन सेशनला लाटा कमी मिळणार हे धरून चाला. नवा बोर्ड हलका आहे, त्यावर झोपायची जागा वेगळी आहे. फोमीवर झोपायचात तिथे झोपलात तर नाक पाण्यात घुसेल किंवा शेपूट बुडून बोर्ड ब्रेक लागल्यासारखा थांबेल. पॅडल मारताना नाक पाण्यापासून दोन-तीन बोटं वर राहील अशी जागा सापडली की हनुवटीच्या खाली वॅक्सवर नखाने रेघ मारा आणि दर वेळी तिथेच झोपा. पॉप-अपला, म्हणजे झोपलेल्या स्थितीतून झटक्यात उभं राहायला, कमी जागा मिळते, तो घरी सतरंजीवर रोज वीस वेळा करा. लाट जरा लवकर ओळखून पॅडल आधी सुरू करा.

दर सेशनला आकडा लिहा. दहाव्यापर्यंत फोमीच्या निदान तीन चतुर्थांश लाटा मिळायला लागल्या पाहिजेत. फोमीच्या निम्म्याही होत नसतील तर माप चुकलंय, ओढत बसू नका, ऑक्टोबरमधे सीझन सुरू होतानाच विकायला काढा, तेव्हा घेणारे भरपूर असतात, आणि सहा इंच मोठा घ्या. तोपर्यंत तुमचा स्वतःचा फोमी असला तर तो विकू नका, डिसेंबरात एखाद्या सकाळी लाट घोट्याएवढीच असते तेव्हा तोच काढायचा असतो.